अर्ध्या दिवसाची सहल आणि परतीची एस.टी.

बाहेरगावच्या पाहुण्याने ‘इथे जवळपास पाहण्यासारखे काय आहे?’ असे विचारले, की जळगावचा यजमान अजिंठ्याचे नाव घेतो, नंदुरबारचा तोरणमाळचे घेतो आणि धुळ्याचा यजमान थोडा विचार करून लळिंगचा किल्ला सांगतो. ही नावे योग्यच आहेत. पण ती सांगून झाली की ‘बाकी आपल्याकडे काय आहे, नुसते ऊन’ असे म्हणून विषय मिटवला जातो, आणि पाहुण्यापेक्षाही यजमानाचाच त्यावर अधिक विश्वास असतो. मग वर्षभर पैसे साठवून दिवाळीत किंवा मे महिन्यात एकदा महाबळेश्वर, गोवा, जमलेच तर मनाली गाठायची आणि उरलेले सगळे रविवार कूलरसमोर काढायचे, असा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा क्रम ठरून गेला आहे. ज्यांना मनाली परवडत नाही अशा घरांना तर तो एक प्रवासही मिळत नाही. त्यांच्या वाट्याला केवळ रविवार येतात. म्हणून शहराभोवतीच्या लहान सहलींकडे ज्याची त्याची खासगी हौस म्हणून पाहणे मला मान्य नाही. सकाळी निघून दिवे लागणीपर्यंत घरी परतता येईल, खिशाला जाणवणार नाही आणि म्हाताऱ्या माणसांनाही झेपेल अशी सहल शक्य करून देणे, हे दिवे, रस्ते, गटारे यांच्याइतकेच नागरी व्यवस्थेचे काम आहे. त्याला लागणारा पैसाही फार मोठा नाही.

आधी ‘काही नाही’ या समजाबद्दल लिहिले पाहिजे. खान्देशातला आनंद ऋतूप्रमाणे जागा बदलतो आणि तो ठाऊक असणाऱ्याला वर्षातला एकही महिना रिकामा जात नाही. थंडी पडू लागली की यावल-रावेरच्या पट्ट्यात आणि जळगावच्या आसपास भरताची वांगी उतरतात. २०१६ मध्ये जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, सोलून, लाकडी भांड्यात हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचण्याचा आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीबरोबर तिथेच बसून खाण्याचा प्रघात त्या मानांकनाच्या कितीतरी आधीचा आहे. बामणोदच्या वांग्यांसाठी लोक वाट वाकडी करतात. त्याच सुमारास मेहरूणची बोरे हातगाड्यांवर येतात. त्याच दिवसांत तापीवरच्या हतनूर धरणाच्या जलाशयात परदेशातून आलेली बदके आणि चक्रवाक उतरतात. ते पाहायला दुर्बीण असली तर उत्तम, पण भल्या सकाळी काठावर शांत उभे राहिले तर नुसत्या डोळ्यांनाही पुष्कळ दिसते. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते. ज्याला गर्दी नको असेल त्याने एरवी कधीही तापी-पूर्णेच्या संगमावर जावे, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातील चांगदेवाच्या मंदिराभोवती सावकाश फिरावे आणि दगडी भिंतींवरची एकेक आकृती न्याहाळावी. चौदाशे वर्षांच्या योग्याने लहानग्या मुक्ताबाईला गुरू केले ही कथा शाळेत ऐकलेली असते. त्या पाण्याच्या काठी ती मुलांना सांगितली की मुले वेगळेच प्रश्न विचारतात.

पावसाळ्यात चाळीसगावजवळची पाटणादेवी. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीतल्या या मंदिरात लोक देवीच्या दर्शनाला येतात, नारळ फोडतात आणि निघून जातात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापिला आणि तेराव्या शतकाच्या आरंभीचा त्याचा शिलालेख या गावी सापडला, हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगितलेले असते? खुद्द चाळीसगावात रेल्वे स्थानकाजवळ केकी मूस यांचे घर कलादालन म्हणून जपलेले आहे. १९१२ ते १९८९ एवढ्या आयुष्यातली कितीतरी दशके या माणसाने त्या घराचा उंबरठा फारसा न ओलांडता काढली, आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंवर उजेड पाडून डोंगर, बर्फ, वाटा यांचा भास देणारी छायाचित्रे तयार केली. लहान जागेत किती पाहता येते याचा इतका भक्कम पुरावा आपल्या जिल्ह्यात असताना आपण ‘पाहण्यासारखे काही नाही’ म्हणतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत, एरंडोलजवळ पद्मालयाचे कमळांचे तळे आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, अमळनेरला १९१६ पासूनचे तत्त्वज्ञान मंदिर आहे. यादी वाढवता येईल, पण मुद्दा यादीचा नाही.

मुद्दा असा की या सहलींमधला आनंद त्या ‘स्थळा’त अगदी थोडा असतो आणि त्याच्या आजूबाजूला पुष्कळ असतो. सावद्याहून फैजपूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागतात, आणि भर उन्हाळ्यातही तिथून जाताना अंगाला ओलसर गारवा जाणवतो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच फैजपूरला झाले, हे आजोबांनी नातवाला सांगण्यासाठी गाडीच्या खिडकीसारखी दुसरी जागा नाही. एरंडोलच्या थांब्यावर गाडी दहा मिनिटे उभी राहते तेव्हा घेतलेला चहा, कुठल्याशा गावच्या बाजारात चाखून पाहिलेली शेव, परतताना ओंजळीत धरलेले चिंचेचे बुटूक, बरोबरच्या माणसाशी घरात कधी न झालेले बोलणे. माणसाला पुढे वर्षानुवर्षे आठवते ते हेच. पर्यटनाच्या सरकारी आणि व्यापारी विचारात मात्र फक्त स्थळ दिसते. तिथे पोहोचणे, फोटो काढणे आणि परतणे एवढ्यात सहल आटोपते असे गृहीत धरले, की साहजिकच प्रत्येक स्थळ दुसऱ्या स्थळाहून भव्य करावे लागते आणि लहान गावे त्या स्पर्धेत आपोआप हरतात.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे वेगळे शिकवावे लागले नव्हते, कारण त्यांच्या वर्षाच्या रचनेतच बाहेर पडण्याची निमित्ते पेरलेली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला झोके बांधीत आणि गाणी म्हणत. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की भाऊबंद दूरदूरच्या गावांहून एकत्र येत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत बायका रस्त्यावर नाचत. वैशाखात अमळनेरच्या बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरे, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, होळीच्या आधी सातपुड्यातल्या गावोगावी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार. यातले बरेच अजूनही चालू आहे. देवाधर्माच्या, बाजाराच्या किंवा नात्यागोत्याच्या आडोशाने का होईना, माणसे घराबाहेर पडत, उघड्यावर खात, अनोळखी माणसांत मिसळत. विशेषतः बायकांना वर्षातून काही दिवस तरी चुलीपासून आणि सासरच्या नजरेपासून सुटका मिळत असे. आज शहरात आलेल्या कुटुंबांत ही निमित्ते विरळ झाली आहेत, आणि निमित्ताशिवाय बाहेर पडण्याची मोकळीक मात्र अजून आलेली नाही. पुरुष संध्याकाळी टपरीवर जाऊन बसतो, त्याला कोणी कारण विचारत नाही. त्याच घरातली बाई एकटी मेहरूण तलावाच्या काठी तासभर नुसती बसून आली, तर घरात आणि गल्लीत दोन्हीकडे तिला उत्तर द्यावे लागते. शहरातल्या बागा, तलावाचे काठ, नदीचे घाट बायकांनी भरलेले दिसू लागतील तेव्हाच ते शहर राहण्यासारखे झाले असे मी म्हणेन. तोवर कितीही कारंजी बसवली तरी काही उपयोग नाही.

इथून व्यवहाराकडे वळावे लागते. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत मोठा पर्यटन निर्णय होय, जरी तो त्या नावाने घेतला गेला नाही. त्यानंतर बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत, यात्रेला एस.टी.मध्ये बायकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. म्हणजे इच्छा होती, पैसा आड येत होता. आता पैशाची अडचण निम्मी झाली, तेव्हा दुसरी अडचण उघडी पडली. ती परतीच्या गाडीची. एस.टी.चे ग्रामीण वेळापत्रक तालुक्याला शाळा-कॉलेजसाठी आणि कचेरीच्या कामासाठी येणाऱ्यांच्या सोयीने आखलेले असते. गाडी सकाळी खेड्यातून शहराकडे येते आणि संध्याकाळी शहरातून खेड्याकडे मुक्कामाला जाते. ते योग्यच आहे. पण सहलीला निघालेल्या शहरातल्या माणसाला नेमकी उलटी गाडी हवी असते. सकाळी तो डोंगरपायथ्याच्या गावी पोहोचतो कसाबसा, आणि दुपारी चारनंतर परत यायला काही नसते. मग वडाप, किंवा ओळखीच्याची मोटारसायकल, किंवा तीन जणांनी एका दुचाकीवर बसून महामार्गावरून परतणे. ज्याच्याकडे स्वतःची चारचाकी आहे त्यालाच उनपदेव आणि पाटणादेवी, इतरांनी घरी बसावे, अशी वाटणी कोणी मुद्दाम केलेली नसली तरी ती झालेली आहे. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासची योजना जुनी आहे आणि चांगली आहे; मात्र ती सलग चार दिवस मोकळे असणाऱ्यासाठी आहे. रविवारपुरती, एकाच आगारातून निघून संध्याकाळी सहाला त्याच आगारात परतणारी एक गाडी जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शहादा या प्रत्येक ठिकाणी सुरू केली, तर नवी इमारत, नवे खाते, नवा निधी यांपैकी कशाचीही गरज पडणार नाही.

रेल्वेच्या बाबतीत आपण जे गमावले त्याचा हिशेब अजून नीट मांडलेला नाही. पाचोरा-जामनेर ही अरुंद मार्गावरची गाडी एक शतक धावली. साधारण छपन्न किलोमीटरच्या त्या वाटेवर शेंदुर्णी, पहूर अशी गावे लागत, गाडीचा वेग एवढा बेताचा की शेतातल्या माणसाशी खिडकीतून बोलणे शक्य व्हावे. पाचोऱ्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी माणसांनी आपल्या मुलांना पहिला आगगाडीचा प्रवास याच गाडीने घडवला आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती पुन्हा सुटली नाही. तो मार्ग रुंद करण्याचा प्रकल्प मंजूर झालेला आहे आणि मोठी गाडी आली तर तिचे स्वागतच केले पाहिजे, कारण जामनेर भागातल्या शेतमालाला आणि विद्यार्थ्यांना तिची गरज आहे. परंतु रुंद मार्ग झाल्यावर लहान थांबे वगळले जाऊ नयेत आणि सर्व थांबे घेणारी पॅसेंजर दिवसातून दोनदा तरी धावावी, ही मागणी आजच लेखी नोंदवून ठेवावी लागेल. पॅसेंजर गाड्यांचे मोल किती असते ते टाळेबंदीनंतर कळले. त्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावल्यामुळे दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपये झाले, आणि ते पुन्हा खाली यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चार माणसांच्या कुटुंबाला भुसावळहून किंवा जळगावहून जवळच्या एखाद्या गावी जाऊन यायचे, तर त्या मधल्या काळात जाण्यायेण्यात सरळ दीडशे-पावणेदोनशे रुपयांचा फरक पडत होता. रोजंदारीवरच्या घराला तेवढ्यात सहल रद्द करावी लागते. सुरत मार्गावरचे नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. एका बाकड्यावर बसून दोन राज्यांत असल्याची गंमत अनुभवायला नंदुरबारची मुले जातात. दहा-वीस रुपयांत असा आनंद मिळत असेल तर तो मिळत राहावा, एवढीच अपेक्षा आहे.

पोहोचल्यानंतरचे दोन प्रश्न राहतात, सावलीचा आणि स्वच्छतागृहाचा. पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या आपल्या भागात सावली ही पहिली नागरी सोय मानली पाहिजे. पण सुशोभीकरण म्हटले की जुनी निंबाची आणि चिंचेची झाडे ‘आड येतात’, जमिनीवर पेव्हर ब्लॉक पसरतात, सिमेंटची बाकडी भर उन्हात मांडली जातात, आणि दुपारी बारा ते पाच ती जागा तापलेल्या तव्यासारखी कोणालाही नकोशी होते. झाडाभोवती एक पार बांधणे एवढ्या साध्या कामाला आपल्याकडे शेकडो वर्षांचा अनुभव आहे, तरी निविदा निघते ती स्वागत कमानीची. जिल्हा नियोजन समितीकडून ‘क’ वर्गातल्या पर्यटनस्थळांना आणि तीर्थक्षेत्रांना निधी मिळतो. त्याचे काय झाले हे आपल्या जवळच्या कोणत्याही दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहावे. कमान असेल, सभामंडप असेल, कोनशिला असेल, आणि मागच्या बाजूला स्वच्छतागृहाला कुलूप असेल किंवा आत पाणी नसेल. कुलूप यासाठी की बांधकामाला निधी असतो, रोज झाडणाऱ्या माणसाच्या पगाराला नसतो. बायका सहलीच्या सकाळी पाणी पीत नाहीत, हे पुरुषांनी एकदा आपल्या घरात विचारून पाहावे. या एका गोष्टीमुळे किती सहली ठरूनही होत नाहीत, याची नोंद कुठल्याही अहवालात सापडणार नाही. एका कमानीच्या खर्चात एका स्थानिक माणसाला वर्षानुवर्षे सफाईचे वेतन देता येईल, आणि त्याच माणसाला चार दगडांची माहिती सांगायला शिकवले तर त्याचाही मान वाढेल.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे सहलींच्या गोष्टी कशाला? आक्षेप खोटा नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांना २००३ साली महानगरपालिका मिळाल्या, तरी पाण्याचे आणि रस्त्यांचे रडगाणे संपलेले नाही, आणि ते प्रश्न आधी सुटायला हवेत याबद्दल वाद नाही. पण ‘आधी ते, मग हे’ असे म्हणत आपण वीस वर्षे काढली आणि दोन्ही बाजूंनी रिकामे राहिलो. शिवाय ज्या माणसाला आपल्या नदीच्या काठी बसून चार घटका बरे वाटले आहे, तोच त्या नदीत सांडपाणी सोडले जाते तेव्हा तक्रार करायला उभा राहतो. पांझरा आणि गिरणा यांच्या पात्रांची आज जी अवस्था आहे तिचे एक कारण हेही आहे, की शहरातल्या बहुसंख्य लोकांचा त्यांच्याशी पुलावरून गाडी नेण्यापलीकडे संबंध उरलेला नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. लोक आले की प्लॅस्टिक येते, दारूच्या बाटल्या येतात, मोठे स्पीकर येतात. धबधब्याखाली तरुण मुले बुडून मरतात आणि मग प्रशासन पावसाळाभर बंदीहुकूम काढते. अभयारण्याच्या आत तर माणसांची गर्दी वाढू नये हेच बरे. हे सगळे मान्य करूनही मला असे वाटते की सरसकट बंदीने धोका पत्करणारे थांबत नाहीत, ते आडवाटेने जातातच. थांबतात ती लहान मुलांना घेऊन येणारी आणि नियम पाळणारी कुटुंबे, म्हणजे ज्यांच्या उपस्थितीमुळे त्या जागेला शिस्त आली असती तीच माणसे. धोक्याच्या कड्याला कठडा, मराठीत स्पष्ट लिहिलेली सूचना, शनिवार-रविवारी गावातलेच पोहणारे दोन तरुण मानधनावर, आणि अभयारण्यात शिरताना पिशवी तपासून बाटल्यांची नोंद, एवढे केले तर बंदीची वेळ क्वचित येईल. आणि जी जागा खरोखर नाजूक आहे तिथे दिवसाला ठराविक माणसे सोडावीत, मग ती मंत्र्यांच्या ओळखीची असोत वा नसोत. मूळ उपाय मात्र वेगळा आहे. एकाच स्थळाची जाहिरात करून सगळ्यांना तिथे लोटण्याऐवजी पन्नास लहान जागा बसण्याजोग्या केल्या, तर कुठल्याच जागेवर पेलवणार नाही एवढा भार पडणार नाही. गावाबाहेरचा तलाव, जुनी बारव, नदीवरचा बंधारा, शेताच्या बांधावरची वडाची सावली अशा जागांना पर्यटनाचा दर्जा नको आहे. तिथवर जाणारा पायरस्ता, पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि परतीच्या गाडीची वेळ लिहिलेला फलक एवढे पुरे.

महानगरपालिकेचे आणि नगरपालिकांचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होते, आगारांची वेळापत्रके त्याहूनही सहज बदलता येतात, आणि ग्रामपंचायतीने थांब्यासाठी ठराव करून आगार व्यवस्थापकाकडे पाठवला तर त्याचा विचार करावा लागतो. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट, शाळांच्या पालक सभा यांनी या वर्षी आपापल्या शहरापुरती प्रत्येकी एकच मागणी ठरवून ती लेखी द्यावी. माझ्यापुरती ती ठरलेली आहे: रविवारी सकाळी आठला जळगावहून सुटून अडावदमार्गे उनपदेवला जाणारी आणि दुपारी चारला तिथून परत निघणारी एक गाडी, आणि तिथल्या स्वच्छतागृहात पाणी.